बोटांच्या टोकांवरचे गुपित
हातघडणीची गिटार, तिचा नाद आणि एका धर्मगुरूंनी जपलेली आठवण

आगमनकाळ सुरू झाला की आपल्या धर्मग्रामांतील गायकवृंदांच्या तालमींना वेग येतो. वर्षभर कपाटावर पडून असलेल्या गिटारी खाली उतरविल्या जातात, धूळ झटकली जाते, तारा जुळविल्या जातात. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साबलिदानात सारे दिवे मंद होतात आणि ‘सायलेंट नाइट’ या गीताचे सूर मराठीतून उमटू लागतात, तेव्हा पुष्कळ भाविकांचे डोळे पाणावतात. या गीताचा जन्मच गिटारच्या साथीने झाला आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

ऑस्ट्रियातील झाल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ या गावात, संत निकोलस चर्चमध्ये, २४ डिसेंबर १८१८ रोजी हे गीत प्रथम गायिले गेले. साहाय्यक धर्मगुरू फादर योसेफ मोर यांनी त्याचे शब्द १८१६ सालीच लिहिले होते. शेजारच्या आर्न्सडॉर्फ गावचे शिक्षक आणि ऑर्गनवादक फ्रान्झ क्सावर ग्रूबर यांनी त्यांच्या विनंतीवरून त्याला दोन आवाजांसाठी व गिटारसाठी चाल लावली. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडल्यामुळे गिटार घ्यावी लागली, अशी गोड गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. तिला ऐतिहासिक आधार मात्र नाही. फादर मोर गिटार वाजवीत असत, एवढे निश्चित आहे. त्यांची ती गिटार आजही हालाइन येथील संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. गीत लिहिणाऱ्याचे आणि चाल लावणाऱ्याचे नाव सारे जग जाणते. ज्या लाकडी पेटीतून त्या रात्रीचे सूर उमटले, ती घडविणाऱ्या हातांची आठवण मात्र कोणी काढीत नाही.

आजचा हा लेख त्या हातांविषयी आहे. हाताने घडविलेली गिटार म्हणजे नेमके काय, तिचा नाद कोठून येतो, आणि त्या कारागिराच्या कामात आपण श्रद्धावंतांनी काय पाहावे, याचा थोडा विचार करू या.

आल्मेरियाचा सुतार

आज आपण जिला ‘क्लासिकल गिटार’ म्हणतो, तिचे रूप मुख्यतः एका स्पॅनिश सुताराने ठरविले. अंतोनियो द तोर्रेस यांचा जन्म १८१७ साली स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरील आल्मेरिया शहराजवळ झाला. वयाच्या बाराव्या वर्षी ते सुतारकामात उमेदवारी करू लागले. १८३५ साली त्यांचा विवाह झाला. संसार दारिद्र्याचा होता. तीन मुलींपैकी दोघी लहानपणीच दगावल्या आणि १८४५ साली पत्नीही क्षयरोगाने गेली. त्यानंतर ते सेव्हिल शहरी गेले आणि तेथे गिटारनिर्मितीत रमले. त्या काळचे नामवंत वादक हुलियान आर्कास यांनी त्यांना या कलेत पुढे जाण्यास उत्तेजन दिले. १८५८ साली सेव्हिलच्या प्रदर्शनात त्यांच्या गिटारला कांस्यपदक मिळाले.

एवढे असूनही केवळ गिटारवर त्यांचे पोट भरले नाही. १८७० च्या सुमारास ते आल्मेरियाला परतले आणि त्यांनी काचसामान व चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान थाटले. १८७५ पासून त्यांनी पुन्हा गिटारी घडविण्यास प्रारंभ केला आणि आतल्या चिठ्ठीवर ते ‘दुसरे पर्व’ असा उल्लेख करू लागले. १८९२ साली त्यांचे निधन झाले. ज्या माणसाच्या आराखड्यावर आज जगभर गिटारी घडविल्या जातात, तो माणूस दिवसा बश्या-पेले विकून आपल्या कलेला जगवीत होता, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

तोर्रेस यांनी गिटारचा घेर मोठा केला, तारेची नादणारी लांबी सुमारे ६५० मिलिमीटर राखली आणि आतील रचनेला शिस्त लावली. १८६४ साली त्यांनी घडविलेली एक गिटार पुढे फ्रान्सिस्को तार्रेगा या तरुण वादकाच्या हाती आली. त्याने ती सुमारे वीस वर्षे वाजविली. ‘अल्हम्ब्राच्या आठवणी’ ही विख्यात रचना करणारा संगीतकार तो हाच. चांगले वाद्य चांगल्या वादकाला घडविते आणि चांगला वादक त्या वाद्याची कीर्ती दूरवर नेतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

लाकडापासून वाद्यापर्यंत

गिटारचा प्राण तिच्या वरच्या पातळ फळीत असतो. आपले मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या अशा फळीला ‘तबली’ म्हणतात. तोच शब्द येथेही शोभून दिसेल. ही तबली युरोपातील डोंगरांवर वाढणाऱ्या स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी वृक्षाची असते. १९६० च्या दशकात माद्रिदच्या तिसऱ्या होसे रामिरेझ यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील तांबूस सीडर वृक्षाचे लाकूडही वापरात आणले. थंड प्रदेशात झाड सावकाश वाढते, म्हणून त्याची वार्षिक वलये एकमेकांना खेटून येतात. असे लाकूड वजनाला हलके आणि तरीही ताठ असते. वाद्याला नेमके हेच दोन गुण हवे असतात.

ओंडका अशा रीतीने चिरावा लागतो की, वलयांच्या रेषा फळीच्या पृष्ठभागाशी काटकोनात उभ्या राहाव्यात. मग एकच फळी मधोमध चिरून पुस्तक उघडावे तशी उघडतात आणि दोन्ही भाग कडेला कड लावून सरसाने जोडतात. त्यामुळे डावी-उजवी बाजू एकमेकींचे प्रतिबिंब असल्यासारख्या दिसतात आणि दोहोंचा ताठपणाही सारखा राहतो. असे लाकूड कित्येक वर्षे सावलीत वाळवावे लागते. पुष्कळ कारागीर आपल्या वडिलांनी किंवा गुरूंनी साठविलेले लाकूड वापरतात आणि स्वतः घेतलेले लाकूड पुढच्या पिढीसाठी ठेवून जातात.

त्यानंतर रंध्याचे काम सुरू होते. फळी तासता तासता साधारण दोन ते अडीच मिलिमीटर जाडीवर आणायची असते. प्रत्येक फळी वेगळी असल्यामुळे ठरावीक मापावर थांबून चालत नाही. कारागीर ती दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवून पाहतो, कानाजवळ नेऊन बोटाने टिचकी मारतो, नाद ऐकतो आणि पुन्हा दोन-चार वेळा रंधा फिरवितो. थोडे जास्त तासले तर फळी वाया जाते आणि थोडे कमी तासले तर गिटार मुकी राहते.

अशी फळी तारांचा ताण एकटी सोसू शकत नाही. सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे ४० किलोग्रॅम वजनाइतका असतो. म्हणून तबलीच्या आतील बाजूस बारीक लाकडी पट्ट्या चिकटविल्या जातात. मध्यभागीच्या गोल छिद्राखालून त्या पंख्याच्या काड्यांसारख्या पसरत जातात. अठराव्या शतकातील काडिझ शहराच्या कारागिरांनीही अशा पट्ट्या वापरल्या होत्या. तोर्रेस यांनी सात पट्ट्यांची समतोल रचना रूढ केली. हे काम वाद्य बंद झाल्यावर कोणाच्याही दृष्टीस पडत नाही, परंतु गिटारचा स्वभाव तेथेच ठरतो.

गिटारची पाठ व बाजू यांसाठी कठीण लाकूड लागते. बाजूच्या पट्ट्या जेमतेम दोन मिलिमीटर जाडीच्या असतात. त्या ओल्या करून तापलेल्या लोखंडी नळीवर हळूहळू वाकवाव्या लागतात. उष्णता कमी पडली तर पट्टी मोडते आणि जास्त झाली तर करपते. स्पॅनिश पद्धतीत तबली पालथी ठेवून तिच्यावरच सारे वाद्य उभारतात. दांडीच्या टाचेत खाचा पाडून बाजूच्या पट्ट्या त्यांत बसवितात. त्यामुळे दांडी आणि घेर जन्मापासूनच एकजीव होतात. पट्ट्या आणि तबली यांच्या कोपऱ्यात लाकडाचे छोटे छोटे ठोकळे एकामागून एक बोटांनी दाबून चिकटवावे लागतात. शेवटी पाठ बसविली की पेटी बंद होते. मग दांडीवरची काळी पट्टी, तीवरील पडदे, घोडी, खुंट्या आणि झिलई. एका गिटारवर दीड-दोनशे तासांचे काम सहज खर्ची पडते.

या परदेशी वाद्यात आपल्या भारताचा वाटाही मोठा आहे. जगातील असंख्य उत्तम गिटारींची पाठ आणि बाजू दक्षिण भारतातील शिसवीच्या असतात. पारंपरिक झिलईसाठी लागणारी लाख आपल्याच देशातील झाडांवरचे इवले कीटक तयार करतात आणि ती मुख्यतः झारखंडमधून जगभर जाते. ही लाख मद्यार्कात विरघळवून कापडाच्या बोळ्याने कित्येक अतिपातळ थरांत चढवितात. जाड थर दिला तर चकाकी येते पण तबली दबून जाते. कारागीर चकाकीपेक्षा नादाला मान देतो.

नाद कसा जन्मतो

ताणलेली तार एकटीच छेडली तर तिचा आवाज जवळच्या माणसालाही जेमतेम ऐकू येईल. ती इतकी बारीक असते की, हवा हलविण्याचे सामर्थ्य तिच्यात नसते. सर्वांत जाड तार एका सेकंदात सुमारे ८२ वेळा आणि सर्वांत बारीक तार सुमारे ३३० वेळा थरथरते. ही थरथर घोडीमार्फत तबलीला मिळते. तबली रुंद आणि हलकी असल्यामुळे ती पुष्कळ हवा हलविते. पेटीत कोंडलेली हवाही छिद्रातून आतबाहेर करीत स्वतःचा सूर मिसळते आणि त्यामुळे खर्जाच्या स्वरांना भरदारपणा येतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली असता जो घुमारा उठतो, त्याच जातीचा हा परिणाम असतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गिटार आवाजात स्वतःची कोणतीही शक्ती मिसळत नाही. वादकाच्या बोटाने तारेला जेवढे बळ दिले तेवढेच तिच्यापाशी असते. ते किती लवकर आणि कोणत्या स्वरात खर्च करावे, एवढेच तिच्या हाती आहे. तबली फार जड असेल तर स्वर दीर्घकाळ टिकतो पण क्षीण राहतो. फार हलकी असेल तर स्वर मोठ्याने फुटतो आणि लगेच विझतो, शिवाय काही वर्षांत तारांच्या ओढीने फळीच बसते. या दोहोंमधला मार्ग शोधणे म्हणजे गिटारकाराचे कसब. त्यासाठी सर्व फळ्यांना लागू पडेल असे कोष्टक नाही, कारण दोन झाडे कधीही सारखी नसतात.

तारांचाही एक इतिहास आहे. पूर्वी वरच्या तीन तारा प्राण्यांच्या आतड्यांपासून आणि खालच्या तीन तारा रेशमी धाग्यांवर धातूची तार गुंडाळून बनवीत असत. दुसऱ्या महायुद्धात जखमा शिवण्यासाठी आतड्याचा धागा लागू लागला आणि वादकांना तारा मिळेनाशा झाल्या. तेव्हा न्यूयॉर्कमधील गिटारकार आल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा तयार केल्या. विख्यात वादक आंद्रेस सेगोव्हिया यांनी त्यांना प्रोत्साहन दिले आणि अल्पावधीत त्या जगभर रूढ झाल्या.

पुठ्ठ्याची गिटार

पाठ आणि बाजू यांचे लाकूड किती महत्त्वाचे, या प्रश्नाला तोर्रेस यांनी १८६२ सालीच आपल्या पद्धतीने उत्तर दिले. त्यांनी एका गिटारची तबली उत्तम लाकडाची केली, आणि पाठ व बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या. आवाज मुख्यतः तबलीचा असतो हे त्यांना दाखवून द्यायचे होते. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

या विधानाला अलीकडच्या काळात दुजोराही मिळाला. इंग्लंडमधील लँकॅस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी पोलादी तारांच्या सहा गिटारी एकाच आराखड्याने बनवून घेतल्या. फरक फक्त पाठ व बाजूंच्या लाकडाचा होता. ५२ वादकांना त्या अशा स्थितीत वाजवावयास दिल्या की, लाकूड डोळ्यांना दिसू नये. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, महाग लाकूड आणि स्वस्त लाकूड यांच्या नादात वादकांना फारसा फरक जाणवला नाही.

ही केवळ गमतीची बाब नव्हे. ब्राझीलची शिसवी इतकी तोडली गेली की, १९९२ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कठोर निर्बंध आले. २०१७ साली शिसवीच्या साऱ्या कुळालाच नियमांच्या कक्षेत आणण्यात आले. २०१९ साली तयार वाद्यांना सवलत मिळाली, तरी आपली भारतीय शिसवीही संकटाच्या छायेत असलेल्या वृक्षांमध्ये गणली जाते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रातून सृष्टीला आपले सामायिक घर म्हटले. त्या घरातील तुळई कापून आपण दिवाणखान्याची शोभा वाढवीत असू, तर ती शोभा कशाची? नाद तबलीत आहे आणि तबलीचा नाद कारागिराच्या हातात आहे, हे एकदा पटले की दुर्मीळ लाकडाचा हव्यास आपोआप कमी होतो.

फादर सिर्व्हेंत यांची साक्ष

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. तोर्रेस यांच्या अखेरच्या वर्षांत हुआन मार्तीनेझ सिर्व्हेंत यांचा त्यांच्याशी निकटचा स्नेह होता. तोर्रेस त्यांना लाडाने ‘हुआनितो’ म्हणत. वार्धक्यात त्यांना कामात मदतीची गरज भासू लागली, तेव्हा सिर्व्हेंत यांनी त्यांना हातभार लावला. पुढे १९३१ साली, म्हणजे तोर्रेस यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ चार दशकांनी, फादर सिर्व्हेंत यांनी आपल्या आठवणी एका पत्रात लिहून ठेवल्या. गिटारकार होसे रोमानियोस यांनी १९८७ साली तोर्रेस यांचे चरित्र प्रसिद्ध केले. त्यामुळे ही साक्ष जगापुढे आली.

त्या पत्रातील एक प्रसंग असा : भोजनाच्या वेळी एका धर्मगुरूंनी तोर्रेस यांना आग्रह केला की, आपल्या गिटारींचे गुपित त्यांनी सोबत नेऊ नये, ते मागे ठेवून जावे. तोर्रेस यांनी उत्तर दिले त्याचा आशय असा की, आपल्यासारख्या सुज्ञ माणसानेही लोकांच्या या समजुतीवर विश्वास ठेवावा याचे मला वाईट वाटते. हुआनितोने माझे सारे काम स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. तरीही ते गुपित मला मागे ठेवता येणार नाही, कारण ते माझ्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकांत आहे. फळी योग्य तासली गेली की नाही, ते ही बोटे माझ्या बुद्धीला कळवितात.

वाचकहो, हे उत्तर पुनःपुन्हा आठवावे असे आहे. येथे दडविलेले काहीच नाही. दार उघडे आहे, एक तरुण शेजारी बसून सर्व पाहत आहे, आणि तरीही जे पाहिले ते शब्दांत उतरत नाही. आपल्याकडे मिरजेत हाच अनुभव येतो. तेथील शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचे काम मागे टाकून सतार-तंबोऱ्यांची निर्मिती हाती घेतली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर घोडीचा पृष्ठभाग किंचित घासतो, तार छेडतो, ऐकतो आणि पुन्हा घासतो. कोठे थांबायचे हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. ते शेजारी बसूनच शिकावे लागते.

तोर्रेस यांचे गुपित खरोखरच त्यांच्याबरोबर दफन झाले काय? एका अर्थी होय. परंतु त्यांच्या गिटारी उरल्या. माद्रिदमध्ये मान्युएल रामिरेझ यांच्या कार्यशाळेत तोच मार्ग पुढे चालविला गेला. तेथे १९१२ साली तयार झालेली गिटार सेगोव्हिया यांनी जगभर वाजविली. जर्मनीतील हेर्मान हाउझर यांनी त्या परंपरेचा अभ्यास करून १९३७ साली सेगोव्हियांसाठी नवी गिटार घडविली. ही दोन्ही वाद्ये आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. प्रत्येक कारागिराला स्वतःची बोटे नव्याने तयार करावी लागली, परंतु कोणालाही अगदी शून्यातून आरंभ करावा लागला नाही.

हातांचे काम, हातांची प्रार्थना

पवित्र शास्त्राला कारागिरांचे वावडे नाही. निर्गमाच्या ग्रंथातील ३१व्या अध्यायात परमेश्वर बसालेल नावाच्या कारागिराला नाव घेऊन बोलावितो आणि लाकूड, धातू व रत्ने यांचे काम करता यावे म्हणून त्याला आपल्या आत्म्याने भरतो. बेनसिराच्या ग्रंथातील ३८वा अध्याय लोहार, कुंभार व शिल्पी यांचे वर्णन करतो. त्यांना न्यायासनावर कोणी बसवीत नाही, तरी त्यांच्यावाचून नगर वसत नाही आणि त्यांच्या कामातच त्यांची प्रार्थना असते, असे तो ग्रंथ सांगतो. प्रभू येशूला नाझरेथच्या लोकांनी ज्या शब्दाने ओळखले, तो मूळ ग्रीक शब्दही सुतार किंवा कारागीर याच अर्थाचा आहे. बाल येशूने लाकडाची रेषा ओळखणे संत योसेफाच्या शेजारी उभे राहूनच आत्मसात केले असेल.

पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ सालच्या ‘लाबोरेम एक्झर्चेन्स’ या विश्वपत्रात कामाच्या मोलाविषयी मूलभूत विचार मांडला. कामाचे मोल प्रथमतः ते कोणत्या प्रकारचे आहे यावरून ठरत नाही, तर ते करणारी एक मानवी व्यक्ती आहे, यावरून ठरते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. कारखान्यातून दिवसाला शेकडो गिटारी बाहेर पडतात आणि त्यामुळेच आपल्या मुलांना माफक किमतीत शिकता येते. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र हाताने काम करणारा माणूस म्हणजे कमी शिकलेला माणूस, ही समजूत आपल्या घरांत मूळ धरीत आहे. आपल्या जुन्या चर्चमधील कोरीव लाकडी वेद्या ज्यांनी घडविल्या, त्या सुतारांची नावे आपण विसरलो. आज मुलाने सुतारकाम शिकण्याची इच्छा व्यक्त केली तर किती आईवडिलांना आनंद होईल?

श्रद्धेचेही असेच आहे. धर्मशिक्षणाची पुस्तके आपण छापतो, वर्ग भरवितो, प्रश्नोत्तरे पाठ करून घेतो. हे सारे आवश्यक आहे. परंतु आजीने नातवाचा हात हातात घेऊन त्याच्या कपाळावर क्रुसाची खूण करविली, त्यात जे दिले गेले ते पुस्तकात मावत नाही. रोज सायंकाळी कुटुंबात रोझरी होत असेल, तर मूल शब्दांबरोबर शांत बसणेही शिकते. तोर्रेस यांच्या शेजारी जसा हुआनितो बसे, तसे आपल्या शेजारी कोणी बसत आहे काय, हा प्रश्न प्रत्येक पालकाने, शिक्षकाने आणि आम्हां धर्मगुरूंनीही स्वतःला विचारावा.

मंदिरातील गिटार

उपासनेत गिटार चालते काय, असे अजूनही विचारले जाते. पोप संत दहावे पायस यांनी १९०३ साली चर्चमध्ये पियानो आणि गोंगाटी वाद्ये वाजविण्यास मनाई केली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या संविधानात ऑर्गनला मानाचे स्थान कायम ठेवले आणि पवित्र उपयोगास योग्य, मंदिराच्या प्रतिष्ठेला साजेशा व भाविकांच्या श्रद्धेला पोषक अशा इतर वाद्यांना, अधिकारी व्यक्तींच्या संमतीने, दार उघडले. १९६७ सालच्या ‘मुझिकाम साक्राम’ या सूचनापत्रात, वाद्यांनी गायकांचा आवाज इतका झाकू नये की शब्दच कळू नयेत, असेही बजावले आहे.

हा शेवटचा मुद्दा आपल्या गायकवृंदांनी मनावर घ्यावा. ध्वनिवर्धकाचा आवाज चढवून, तारा ठोकून वाजविलेली गिटार भाविकांचे गाणे बंद पाडते. फादर मोर यांनी त्या रात्री दोन गळ्यांना साथ करण्यापुरतीच गिटार वाजविली. नायलॉनच्या तारांची साधी गिटार, बोटांनी हळुवार छेडली, तर मध्यम आकाराच्या चर्चमध्ये शांत गीताला पुरेशी साथ देते.

शेवटी काही व्यवहाराच्या सूचना. लाकूड दमट हवेत रुंदीत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्या किनारपट्टीवर पावसाळ्यात ती याच्या कितीतरी वर जाते. म्हणून पावसाळ्यात गिटार बंद पेटीत, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. ओलसर भिंतीला टेकवू नये, उन्हात उभ्या मोटारीत तर मुळीच ठेवू नये. नायलॉनच्या तारांच्या गिटारला पोलादी तारा कधीही लावू नयेत. त्यांचा ताण कितीतरी अधिक असल्यामुळे घोडी उखडते आणि तबली फुगते. नवी गिटार घेताना तबली सबंध लाकडाची आहे की थर चिकटविलेली, एवढे तरी विचारावे. चर्चसाठी तीन स्वस्त गिटारी घेण्यापेक्षा एक बरी गिटार घेऊन ती जपणे शहाणपणाचे.

येत्या नाताळच्या रात्री दिवे मंद होतील आणि पहिली तार छेडली जाईल, तेव्हा क्षणभर त्या लाकडाकडे पाहावे. कोणी तरी कोठे तरी ते बोटांनी चाचपून पाहिले, कानाशी धरले आणि योग्य क्षणी रंधा खाली ठेवला. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नसले तरी त्या रात्रीच्या प्रार्थनेत त्याच्यासाठी एक शब्द असू द्यावा.